सिस्टर साळवेंचा राग

सिस्टर साळवे हसल्या की आम्हाला काळजी वाटायची. त्या चिडलेल्या असल्या की सगळं ठीक चाललंय असं समजायचं. सकाळी दहाला सरोजिनी नगरच्या आपल्या खोलीचं कुलूप उघडतानाच त्या कुणावर तरी चिडलेल्या असत. कधी बसच्या कंडक्टरवर, कधी आदल्या दिवशीच्या डॉक्टरवर, कधी वर्तमानपत्रातल्या एखाद्या बातमीवर आणि काहीच नसेल तर थेट सरकारवर. चिडल्या की मराठीत बोलत. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेली बाई, हिंदी अस्खलित. पण राग फक्त मराठीत, तोही नगरकडचा. समोरचा पंजाबी असो की बिहारी, त्याला एक शब्द कळत नसे, तरी तो मुकाट्याने चूक कबूल करी. "हिंदीत मी नोकरी केली," त्या म्हणत. "नोकरीत तोंड बंद ठेवायला लागायचं. मराठी मी शिल्लक ठेवलीय."

नगरच्या एका मिशनच्या दवाखान्यात त्या नर्सिंग शिकल्या आणि दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मानसिक आजारांच्या विभागात त्यांनी सगळी नोकरी केली. अंगाने बुटक्या, गळ्यात बारीकसा क्रूस, सुती साडी आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "वेळ झाला नाही." यात विनोद नव्हता. खरंच झाला नसावा.

आमच्या घरात त्या आल्या त्या आईमुळे. माझा मोठा भाऊ प्रमोद, म्हणजे आमचा दादा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आजारी पडला. त्याला आवाज ऐकू येत. भिंतीपलीकडचे लोक आपल्याविषयी बोलतात असं वाटे. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. आर. के. पुरमला आमचं क्वार्टर होतं, वरखाली, शेजारीपाजारी सगळे बाबांच्याच ऑफिसातले. बाबांनी एक दिवस जाहीर करून टाकलं की प्रमोदला बंगलोरला नोकरी लागली. दादा मागच्या खोलीत होता. चार वर्षं तो मागच्या खोलीतच होता आणि पुढच्या खोलीत बाबा पाहुण्यांना बंगलोरच्या हवेबद्दल सांगत. मी चहा नेऊन देत असे. मला तेव्हा बाबांचा राग यायला हवा होता. आला नाही. मलाही ते सोयीचं वाटायचं, हे लिहूनच टाकते.

औषधं आणायला आई एकटीच इस्पितळात जायची. एकदा रांगेत उभी असताना ती स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटली आणि टेबलामागच्या नर्सने मान वर केली.

"मुलगा कुठाय?"

"घरी."

"बाहेर कधी पडला होता?"

आईने औषधाचा कागद पुढे सरकवला. पुढच्या रविवारी चर्चमधून सिस्टर थेट आमच्याकडे आल्या. बाबांनी अगदी अदबीने बसवलं, पाणी दिलं आणि प्रमोद झोपलाय म्हणून सांगितलं. सिस्टर पाणी प्यायल्या. मग उठल्या आणि घर आपलंच असल्यासारख्या मागच्या खोलीत गेल्या. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यांनी त्याला विचारलं, "चहात साखर किती घेतोस?"

दादाने वळून बघितलं. चार वर्षांत आम्ही त्याला एकच प्रश्न विचारत आलो होतो, गोळी घेतलीस का? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "दोन चमचे. पण आई एकच घालते."

सिस्टर बाहेर आल्या आणि आईवर चिडल्या. मग बाबांवर चिडल्या. बाबा सहसचिव की काय होते, पण त्या दिवशी आपल्याच सोफ्यावर शाळकरी मुलासारखे मान खाली घालून बसले होते. "साहेब, तुमचा मुलगा बंगलोरला नाही. तो इथं दहा फुटांवर आहे. आणि त्याला सगळं ऐकू येतं. आवाज बी आणि तुमचं बी."

निवृत्त झाल्यावर सिस्टरनी सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत एक बंद पडलेली डिस्पेन्सरी मिळवली. दोन खोल्या, एक मोरी, पुढे कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा. कुणी त्याला केंद्र म्हटलं की त्यांना आवडत नसे. लोक 'सिस्टर का कमरा' म्हणायचे. रोज पंधरा-वीस माणसं यायची. इस्पितळातून सुटलेली, घरच्यांना जड झालेली, कुणी बँकेत होतं, कुणी शिक्षिका होती, एक जण पूर्वी सुंदर शिवणकाम करायचा. तिथं कुणी कुणावर उपचार करत नसे. भाजी आणायला दोघं जात, चिरायला तिघं, वरणभात सगळे मिळून करत. दुपारी एक जण मोठ्याने पेपर वाची. ज्याला ते जमत नसे तो नुसता बसे, आणि नुसतं बसायलाही तिथं परवानगी होती. "गोळी पोटात जाते," सिस्टर म्हणत. "माणूस कुठं जातो? त्याला जायला जागा नको?" इस्पितळ गोळी देतं, घर भिंत देतं, आणि मधलं काहीच कुणी देत नाही, यावर त्यांचा सगळा राग होता.

दादा तिकडे जायला लागला. पहिले तीन महिने आई त्याला सोडायला जायची, मग तो एकटाच बसने जायला लागला. तिथं त्याला दोन मित्र मिळाले. गुरमीत म्हणजे फरीदाबादचा एक उंच सरदार, तो पूर्वी मोटारींचे सुटे भाग विकायचा. आणि नायर, हे एका शाळेत गणित शिकवायचे. वयाच्या तिसाव्या वर्षी माझ्या भावाला पहिल्यांदा स्वतःचे मित्र मिळाले. घरी येऊन तो सांगायचा, "आज नायरने वरणात मीठच घातलं नाही." आई ते ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

खोली बघायला अधूनमधून पाहुणे येत. गाडीतून उतरत, 'अमेझिंग वर्क, सिस्टर' म्हणत आणि मोबाइल काढत. सिस्टर त्यांच्यापुढे मटारची टोपली सरकवत. "फोटो काढायचा ना? आधी एवढे सोला. हाताला काम लागलं की त्यांच्याशी बोलता येईल. मग त्यांनाच विचारा, फोटो काढू का." बहुतेकांना अचानक दुसरी मीटिंग आठवे.

दादाची दाढ दुखायला लागली तेव्हाची गोष्ट मी कधी विसरणार नाही. तो गाल धरून बसायचा. दवाखान्यात दंतवैद्याने त्याचे कागद चाळले, मानसिक आजाराचं नाव वाचलं आणि तोंडात बघायच्या आधीच मला म्हणाला, "मैडम, इनको वहम होता है। सायकिएट्री में दिखाइए।" मी कागद घेऊन बाहेर आले. सुशिक्षित, नोकरी करणारी बाई मी, निमूटपणे बाहेर आले. सात आठवडे दादा तोंडाच्या एकाच बाजूने जेवत होता. मग सिस्टरच्या लक्षात आलं. त्या त्याला आणि मला घेऊन त्याच दंतवैद्याकडे गेल्या, त्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि एक्स-रे होईपर्यंत हलल्या नाहीत. दाढेखाली पू झाला होता, जबड्याच्या हाडापर्यंत. डॉक्टर म्हणाला, "इन्होंने ठीक से बताया नहीं।"

सिस्टर मराठीत जे काही बोलल्या ते मी इथं लिहू शकत नाही. शेवटचं वाक्य मात्र हिंदीत होतं, कारण ते त्याला कळावं अशी त्यांची इच्छा होती. "डॉक्टर साहब, इसको आवाज़ें सुनाई देती हैं। आपको तो आदमी भी सुनाई नहीं देता।"

पुढे बाबा गेले. आई आणि दादा मुनिरकाला भाड्याच्या घरात राहायला लागले. आणि मग सरोजिनी नगरची जुनी क्वार्टर्स पाडायची ठरली. उंच इमारती होणार होत्या. वसाहतीतल्या प्रत्येक कुटुंबाला दुसरीकडे जागा मिळाली, भाजीवाल्यांनी रस्ता बदलला. सिस्टरच्या खोलीचं नाव मात्र कुठल्याच यादीत नव्हतं. त्या दोन-दोन माणसं बरोबर घेऊन एकेका कार्यालयात जाऊ लागल्या. एकीकडे सांगत, हा आरोग्याचा विषय. दुसरीकडे सांगत, हा समाजकल्याणाचा. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, हे लोक कायम बरे कधी होणार? तेवढं लिहून आणा, मग बघू. सिस्टरच्या पिशवीत मानसिक आरोग्याच्या कायद्याची झेरॉक्स असायची, पेन्सिलने खुणा केलेली. प्रत्येक टेबलावर त्या ती उघडून दाखवत. एकदा परतताना बसमध्ये मला म्हणाल्या, "यात लिहिलंय की आजारी माणसाला समाजात राहायचा हक्क आहे. समाज कुठं राहतो तेवढं लिहायचं राहिलंय."

खोली पाडली त्या दिवशी त्यांनी मोरीतल्या नळाची तोटी काढून घेतली. "ही मी बसवली होती. ही सरकारची नाही."

त्याच सुमारास आई गेली. दादाचं काय करायचं, हा प्रश्न आता माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी नोएडाला एका मोठ्या सोसायटीत राहते, वर्तमानपत्रांच्या जगात नोकरी करते. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या सोसायटीत एखादा फ्लॅट भाड्याने मिळाला तर प्रमोद, गुरमीत आणि नायर तिघं एकत्र राहतील. मी रोज दोन तास येईन. हे त्यांना जमेल." त्यांना जमत होतंच. फ्लॅट मी शोधला. पण एक अट घातली. दादा माझा भाऊ आहे हे सोसायटीत कुणाला कळता कामा नये. माझी मुलगी मोठी होतेय, लोक काय काय बोलतात, तुम्हाला माहीत आहे ना, सिस्टर, असं सगळं मी बोलले.

मला वाटलं, आता त्या भडकणार. मी तयारीच करून बसले होते. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

आठ महिने ते तिघं आमच्या सोसायटीत राहिले. एकाही माणसाला त्यांचा त्रास झाला नाही. नायर खालच्या बागेत बसून एका सुरक्षारक्षकाच्या मुलीला गणित शिकवत. गुरमीतने चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचा मिक्सर दुरुस्त करून दिला. दादा सकाळी दूध आणायला जाई. लिफ्टमध्ये आम्ही भेटलो आणि आणखी कुणी असलं, की तो बाजूला सरकून म्हणायचा, "नमस्ते मैडम।" माझा दादा. ज्याने मला सायकल शिकवली. मुलीने एकदा मला विचारलं, "आई, मामा तुला मॅडम का म्हणतो?" मी तिला अभ्यासाला बसवलं.

मग कुणीतरी कचऱ्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या बघितल्या, गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत तिथं तीनशे मेसेज आले. 'बच्चों की सेफ्टी' हा शब्द प्रत्येकात होता. रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सभा बोलावली. सिस्टर आल्या. पुढे उभं राहून त्यांनी शांतपणे सांगितलं, ही तीन माणसं आहेत, आजारी आहेत, औषध घेतात, आठ महिन्यांत तुम्हाला त्यांचं काही कळलंसुद्धा नाही. मग विचारलं, "आप में से किस-किस के घर में कोई नींद की, घबराहट की, डिप्रेशन की गोली लेता है?" दीडशे लोक बसले होते. एकही बोट हललं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या पर्समध्ये त्या गोळ्या असत. त्यांनीच मला एकदा दाखवल्या होत्या. त्या समोर बघत होत्या.

सेक्रेटरीने ठराव मांडला. फ्लॅट महिन्याभरात रिकामा करावा. ज्यांना मंजूर आहे त्यांनी हात वर करा.

हात वर गेले. पुढचे, मागचे, शेजारच्या बाईंचा. माझ्या आजूबाजूला सगळे हात वर होते आणि माझाच तेवढा मांडीवर. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी हात उचलला. पूर्ण नाही, अर्धा. कोपर वाकवून, केस नीट करायला उचलावा तसा. सेक्रेटरी बोट नाचवत मोजत आला आणि त्याने तो मोजला. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ही बाई त्याची सख्खी बहीण आहे, एवढंच. त्या बोलल्या नाहीत. माझी अट त्यांनी तिथंही पाळली.

महिन्याभरात तिघं पांगले. नायरांना त्यांच्या पुतण्याने गाझियाबादच्या पुढे कुठल्याशा खाजगी संस्थेत ठेवलं. सिस्टर भेटायला गेल्या तेव्हा त्यांचं डोकं भादरलेलं होतं आणि ते कुणाकडे बघत नव्हते. गुरमीत फरीदाबादला भावाकडे गेला. भाऊ फोन देत नसे. दादाला सिस्टर माझ्या दारात घेऊन आल्या, त्याची बॅग खाली ठेवली आणि निघून गेल्या. घरी ठेवण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं, म्हणून ठेवला. मोठेपणा वगैरे काही नाही. आठवड्याभरात सगळ्या सोसायटीला कळलं की तो माझा भाऊ आहे. आणि काय झालं? काही नाही. "अच्छा, आपके भाई हैं?" एवढं म्हणून लोक पुढे पाण्याच्या टँकरबद्दल बोलायला लागले. ज्या गोष्टीला मी वीस वर्षं घाबरत होते ती लोकांना आठवडाभरसुद्धा पुरली नाही. तिच्यासाठी मी तीन माणसांचं घर मोडलं होतं.

सिस्टर त्यानंतर माझ्याशी नीट बोलत. तेच मला सोसत नव्हतं. साऱ्या दिल्लीवर चिडणाऱ्या बाईने माझ्यावर एकदा तरी चिडायला हवं होतं. त्यांचे गुडघे गेले, डोळे अधू झाले आणि त्या नगरला भाचीकडे कायमच्या जायला निघाल्या. स्टेशनवर दादा त्यांचं सामान चढवत असताना मी म्हटलं, "सिस्टर, त्या सभेत मी..."

"बघितलं मी."

"मला माफ करा."

"मी कोण माफ करणारी?" आता कुठे त्यांचा आवाज चढला. "माझं घर गेलं का? ज्याचं गेलं तो तिकडं माझी ट्रंक उचलतोय. त्याच्याशी बोल. धीर झाला की."

धीर व्हायला मला वर्ष लागलं. तेसुद्धा नगरहून त्यांच्या भाचीचा फोन आल्यावर. सिस्टर सकाळी चहा पिता पिता गेल्या होत्या. दादा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी त्याला बातमी सांगितली. त्याने हातातला शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग तिथंच खाली बसला. मी त्याच्याजवळ बसले आणि त्या सभेचं सगळं सांगितलं. अर्ध्या हातासकट.

"मला माहीत आहे," दादा म्हणाला. "मी दाराबाहेर उभा होतो. काचेतून दिसत होतं."

"मग आत का नाही आलास?"

"आत आलो असतो तर तू माझ्याकडे बघितलं असतंस. लोकांना कळलं असतं."

बंगलोर, मागची खोली, लिफ्टमधला नमस्कार, हे सगळं आम्ही त्याच्याकडून करून घेतलं आणि तो ते आमच्यावर माया म्हणून करत राहिला. आणि वेडा कोण म्हणायचं, तर तो. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "गुरमीतला कुणी सांगितलं नसेल. आपण जाऊ या."

दुसऱ्या दिवशी आम्ही फरीदाबादला गेलो. गुरमीतच्या भावाने फाटक अर्धंच उघडलं आणि म्हणाला, तो झोपलाय, त्याला भेटून त्रास होतो. दादा फाटकाशी उकिडवा बसला. मीही बसले, ऑफिसच्या कपड्यांत, रस्त्यावर. शेजारचे लोक बघायला लागले. अर्ध्या तासाने भावाने वैतागून आम्हाला अंगणात घेतलं आणि गुरमीतला बाहेर आणलं. गुरमीत वाळला होता. पगडी नव्हती, केस नुसतेच मागे बांधलेले. दादाला बघून तो हसला आणि मग आमच्या मागे, रस्त्यावर बघायला लागला. "सिस्टर नहीं आईं?"

दादाने त्याचा हात धरला. "सिस्टर गुज़र गईं, यार।"

गुरमीत रडायला लागला. मोठ्याने, छाती पिटून, साडेसहा फुटांचा माणूस, भर दुपारी, अंगणात. भावाने कपाळावर हात मारला. "देखा? कहा था ना मैंने। फिर बिगड़ गया।" तो पळत आत गेला आणि गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आला.

तेव्हा मी ओरडले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी, जन्मात पहिल्यांदा.

"बिगड़ा नहीं है! उसका कोई मर गया है!"

भाऊ ग्लास हातात धरून उभा राहिला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. दादाने गुरमीतला ओट्यावर बसवलं, स्वतः त्याच्या शेजारी बसला, आणि आम्ही त्याला हवं तितकं रडू दिलं.